पडलेल्या उमेदवारांचं काय होतं?

‘मावशी, मूब्लूमला मत दे. ट्विटरवर. पटकन!’

३ ऑक्टोबर २०२०, शनिवारची रात्र. बाहेर कोरोना, आत मी, लॅपटॉप आणि दोन तासांत द्यायचा एक लेख. फोनवर नाशिकहून माझा भाचा. वय वर्षं नऊ. शाळा ऑनलाइन, क्रिकेट बंद, मित्र फक्त स्क्रीनवर. त्याचं ट्विटरवर खातं असण्याचा प्रश्नच नव्हता. माझं होतं. म्हणून मी त्याची मतदार!

‘हो रे राजा, देते,’ म्हटलं आणि लेखात डोकं घातलं. तासाभराने आठवलं तेव्हा पहिली फेरी संपली होती आणि मूब्लूम बाहेर पडली होती. मूब्लूम म्हणजे अंगावर फुलं उगवलेली पिवळी गाय. त्याने मला काही ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, ‘मावशी, हरलेल्यांचं काय होतं गं?’

‘येतील रे नंतर,’ मी ठोकून दिलं. खरं तर मला काडीची माहिती नव्हती.

मास कॉमला आम्हाला निवडणूक कव्हर करायला शिकवलं होतं. बातमी जिंकणाऱ्याची आणि फार तर एक चौकट हरणाऱ्याची. पण त्या रात्रीचा प्रश्न डोक्यातून जाईना. तेव्हा या वेळी उलटं करू या. बातमी हरणाऱ्यांची, चौकट जिंकलेल्यांना!

किल्ला, पण बाराही महिने

ज्यांनी माइनक्राफ्टचं फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करायचो, आठवतोय? माती, दगड, गोणपाट, वर अळीव पेरायचे आणि शेवटी चित्रं मांडायची. मावळे, तोफा, पायथ्याशी एखादी गवळण. कुणी नियम सांगितलेले नसायचे, कुणी जिंकायचं नाही. माइनक्राफ्ट म्हणजे असाच किल्ला, फक्त ठोकळ्यांचा आणि कधीच न संपणारा. अशा खेळाला सँडबॉक्स म्हणतात. वाळूचा ढीग दिलाय, आता काय करायचं ते तुम्ही बघा!

हा ढीग पहिल्यांदा लोकांपुढे आला मे २००९ मध्ये. मार्कस पर्सन नावाच्या स्वीडिश प्रोग्रामरने तो एकट्याने सुरू केला होता. नंतर स्टॉकहोममध्ये त्याची मोजांग ही कंपनी उभी राहिली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती अडीच अब्ज डॉलर मोजून घेतली. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत खेळाच्या तीस कोटी प्रती खपल्या होत्या. थोडक्यात, तुमच्या ओळखीतला दहा-बारा वर्षांचा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी आत्ता या क्षणी ठोकळे रचत बसलेली असणार.

या जगात फिरणाऱ्या प्रत्येक सजीवाला ‘मॉब’ म्हणतात. मॉब म्हणजे जमाव नव्हे, ‘मोबाइल’चं ते छोटं रूप. हलणारा तो मॉब. गाय, कोंबडी, झोंबी, सगळे मॉबच. आपल्या किल्ल्यावरची चित्रं जिवंत होऊन फिरायला लागली तर कसं होईल, तसं. आणि बाजारात नवं चित्र आलं की आपण जसे हट्टाला पेटायचो, तशीच या खेळात दरवर्षी नव्या मॉबची वाट बघितली जायची.

मोजांगने या हट्टाचं थेट इलेक्शनच करून टाकलं.

पहिला विजेता आणि पस्तावा

१८ नोव्हेंबर २०१७. ‘मिनेकॉन अर्थ’ या कार्यक्रमात चार राक्षस मांडले गेले. नावंही धड नव्हती, परीक्षेच्या पेपरसारखे नुसते ए, बी, सी आणि डी. खोल समुद्रातला एक, रात्रीच्या आकाशातला एक, एक सतत भुकेला आणि एक आगीचा गोळा. प्रेक्षकांनी मत द्यायचं, जिंकेल तो खेळात येणार आणि बाकीचे तिघं बाद.

जिंकला बी. जुलै २०१८ मध्ये तो ‘फँटम’ या नावाने खेळात आला. त्याचा फंडा असा की खेळातले तीन दिवस तुम्ही झोपला नाहीत, तर रात्री आकाशातून झडप घालून तो तुम्हाला चावतो. खेळातला एक दिवस म्हणजे खरी वीस मिनिटं. म्हणजे तासभर मन लावून काही बांधत बसलात की हा डोक्यावर हजर! डेडलाइनच्या आठवड्यात आपला टीम लीडर असतो ना, अगदी तसा.

लोक वैतागले. ‘हा कुणी निवडून दिला?’ असं ज्याला-त्याला विचारायला लागले. उत्तर सोपं होतं, आपणच. आणि मग अर्थातच सगळ्यांना आठवायला लागले ते उरलेले तिघं. तो आगीचा गोळा किती भारी होता यार!

हरलेल्यांबद्दलच्या प्रेमाची सुरुवात इथे झाली.

स्टार प्रचारक आला रे!

पुढची दोन वर्षं मॉबऐवजी प्रदेशांची निवडणूक झाली. डोंगर हवा की दलदल, अशी. २०२० ला मॉब परतले आणि आमची मूब्लूम रिंगणात उतरली. समोर बर्फाचे ढग डोक्यावर आपटणारा आइसॉलॉजर आणि अंधारात चमकणारा ग्लो स्क्विड.

मूब्लूम पहिल्या फेरीत पडली ते मघाशी सांगितलंच. दुसऱ्या फेरीत खरा लोच्या झाला. ड्रीम हा तेव्हाचा माइनक्राफ्टमधला सगळ्यात गाजलेला यूट्यूबर. त्याने स्क्विडची बाजू उघडपणे घेतली आणि स्क्विड जिंकला. आइसॉलॉजरवाले खवळले. ही लोकशाही आहे की फॅन क्लब, असा वाद पेटला. आपल्याकडे नट-नट्या प्रचाराच्या जीपवर चढतात तेव्हा आपण हेच बोलतो, नाही का?

गंमत पुढेच आहे. जून २०२१ मध्ये ग्लो स्क्विड खेळात आला आणि लोकांनी तो खोल पाण्यात शोधून काढला. दिसायला चमकदार, पण त्याचा उजेड आजूबाजूला पडतच नाही! त्याच्या शाईने पाटीवरची अक्षरं मात्र चमकवता येतात.

मूब्लूमचं नशीब त्याहून वाईट निघालं. मोजांगच्या ‘माइनक्राफ्ट अर्थ’ या मोबाइलवरच्या खेळात ती आधीपासून होती. निवडणुकीत पडल्यावर निदान ते एक घर तरी होतं. तो खेळही ३० जून २०२१ ला कायमचा बंद झाला. मतदानाला उशीर करणाऱ्या मावशीच्या मनाला हे किती लागलं असेल, विचार करा.

तांब्याचा बाबू

१६ ऑक्टोबर २०२१. या वेळी मी तयारीत होते. जेवण आटोपून, चार्जर लावून, फोन हातात. भाचा व्हिडिओ कॉलवर.

आमचा पहिला पसंतीचा उमेदवार ग्लेअर. गुहेत तरंगणारा, पानांचा एक हिरवा गोळा. राक्षस जन्मतील एवढा अंधार दिसला की तो चिडायचा, म्हणजे इथे दिवा लाव हे तुम्हाला कळणार. घरात असा एखादा आजोबा असतोच. ग्लेअर पहिल्याच फेरीत गेला. मग आम्ही वळलो कॉपर गोलेमकडे. तांब्याचा एक बुटका पुतळा. काम काय? तर दिसेल ते तांब्याचं बटण उगाचच दाबत फिरायचं. काळ गेला की अंगावर हिरवट गंज चढणार आणि एक दिवस जागच्या जागी थिजून खराखुरा पुतळा होणार. ‘मावशी, तो म्हातारा होतो!’ भाच्याला हेच आवडलं होतं. त्याच वर्षी आमचे अण्णा, म्हणजे त्याचे आजोबा, गेले होते. मी काही बोलले नाही.

दोन्ही फेऱ्यांना वेळेवर मत दिलं. हरलो. जिंकला अ‍ॅले, तुम्ही हातात द्याल ती वस्तू शोधून आणणारा निळा पिटुकला. चांगला होता बिचारा, खोटं कशाला बोला. पण भाच्याने कॉल कट केला.

लाखो सह्या

२०२२ पासून मतदान ट्विटरवरून निघालं. खेळातून, वेबसाइटवरून आणि खास मतदानासाठी उघडलेल्या सर्व्हरवरून मत देता यायला लागलं आणि त्यासाठी चोवीस तास मिळाले. भाचा आता अकरा वर्षांचा. मावशीची गरज संपली, टॅबवरून स्वतःच मत दिलं. टफ गोलेमला, जो हातात एखादी वस्तू धरून अंगावर रंगीत शाल घेऊन शोभेला उभा राहणार होता. रास्कल नावाचा आणखी एक होता, जमिनीखाली तुमच्याशी लपाछपी खेळणारा. तीनदा शोधलंत की बक्षीस. दोघंही पडले. नाकाने जुनी बियाणं हुंगून काढणारा अवाढव्य स्निफर निम्म्याहून जास्त मतं घेऊन आला.

मग २०२३. खेकडा, पेंग्विन आणि आर्माडिलो. खेकड्याच्या नांगीने तुम्हाला लांबवर ठोकळे लावता येणार, पेंग्विन होडीचा वेग वाढवणार, आर्माडिलोच्या कवचातून कुत्र्याला चिलखत मिळणार. आता तुम्हीच सांगा, यातला कुठला नको म्हणायचा?

लोकांनी नेमकं हेच विचारलं. एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, मग तिघंही का नाहीत? जगभरातल्या खेळाडूंनी मतदानच बंद करा अशी ऑनलाइन याचिका काढली. लाखो सह्या पडल्या. कामगार युनियनच्या थाटाची पोस्टर्स फिरली. खेकडेवाले आणि पेंग्विनवाले आपसात भांडण्याऐवजी एकत्र येऊन मालकाकडे बोट दाखवायला लागले. गिरणगावातल्या जुन्या मंडळींना बरं वाटलं असतं!

मतदान तरीही झालं. आर्माडिलो साधारण ४२ टक्के मतांवर जिंकला. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी दुसऱ्याच कुणाला तरी मत दिलं होतं. आपल्याकडे अशाच हिशेबात खासदार होतात, त्यामुळे आपल्याला त्यात नवल नाही. पण खासदार पडला तर पुढच्या वेळी पुन्हा उभा राहतो. पेंग्विनला ती सोय नव्हती.

हुकलेलं स्थळ

आता मुद्द्याचं. ठोकळ्यांच्या एका खेळात न आलेल्या पेंग्विनसाठी माणसं एवढी कासावीस का होतात?

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. तेवढंच काही मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त जाणवतं. शंभर रुपये सापडले की दुपारपर्यंत विसरतो, शंभर रुपये पडले की रात्रीही आठवतात. मोजांगने दरवर्षी तीन प्राणी दाखवले, त्यांचे गमतीदार व्हिडिओ केले, मुलांना त्यांचा लळा लावला आणि मग दोन काढून घेतले. कंपनीच्या लेखी ‘एक नवीन प्राणी भेट’, पण खेळणाऱ्याच्या हिशेबात ‘दोन गेले’.

कंपनीचीही एक बाजू आहे. एक प्राणी म्हणजे नुसतं चित्र नाही. त्याची चाल, आवाज, स्वभाव, तो पाण्यात पडला तर काय, आगीत गेला तर काय, हे सगळं बसवावं लागतं आणि तेही खेळाच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत, जावा आणि बेडरॉक. ज्यांनी आयटीत एकदा तरी ‘छोटासाच चेंज आहे’ हे वाक्य ऐकलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट. हरलेला उमेदवार नेहमी परफेक्टच राहतो. जिंकलेल्याला प्रत्यक्षात यावं लागतं, मग त्याच्या खोडी कळतात. चावणारा फँटम, उजेड न पाडणारा स्क्विड. पडलेल्याला कधी परीक्षाच द्यावी लागत नाही. लग्नाळू मंडळींच्या घरी असं एखादं हुकलेलं स्थळ असतंच. ‘तो अमेरिकेचा मुलगा बघ, काय सोन्यासारखा होता!’ तो घोरतो की नाही, हे कुणाला कधी कळणार?

हे सगळं मी भाच्याला एकदा समजावलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘पण मावशी, तू म्हणाली होतीस ते येतील.’

बेंचवरचे दिवस

बरं, इतकी वर्षं हे पडलेले उमेदवार होते कुठे?

काहींना चाहत्यांनीच घर दिलं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत बाहेरच्या माणसांनी केलेली भर, म्हणजे ‘मॉड’, घालता येते. ‘फ्रेंड्स अँड फोज’ नावाच्या मॉडमध्ये तर मूब्लूम, ग्लेअर, आइसॉलॉजर, टफ गोलेम असे बरेच पराभूत एकत्र नांदतात. पैसे नाहीत, सक्ती नाही, पण कुणीतरी बसून त्या गाईच्या पाठीवर एकेक फूल लावलं. मला हे फार भारी वाटलं.

अधिकृत दारही अगदीच बंद नव्हतं. २०१९ च्या प्रदेशांच्या मतदानात डोंगरापुढे दलदल हरली होती. पण जून २०२२ मध्ये दलदलीचे बेडूक आणि खारफुटी दोन्ही खेळात आले. म्हणजे हरणं हा शेवट नव्हता, आयटीच्या भाषेत ‘बेंचवर बसणं’ होतं. प्रोजेक्ट कधी मिळेल ते सांगता येत नाही, एवढंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये मोजांगने मॉबची निवडणूक बंद केल्याचं जाहीर केलं. वर्षातून एका मोठ्या अपडेटऐवजी अनेक छोटे अपडेट द्यायचे, असं ठरलं. लाखो सह्यांनी जे लगेच झालं नाही, ते अकरा महिन्यांनी झालं.

आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ‘द कॉपर एज’ हा अपडेट आला. त्यात कोण होतं, ओळखा पाहू?

तोच. तांब्याचा बाबू! चार वर्षं बेंचवर बसून तो आला, आणि येताना नवीन काम घेऊन आला. आता तो उगाच बटणं दाबत नाही. तांब्याच्या पेटीतल्या वस्तू उचलतो आणि जिथे तशा वस्तू आधी ठेवल्या असतील त्या पेटीत नेऊन टाकतो. चक्क फायलिंग! गंज मात्र अजून चढतो आणि अजूनही तो थिजून पुतळा होतो. पण तुम्ही कुऱ्हाडीने गंज खरवडलात तर तो पुन्हा चालायला लागतो. मधमाशांच्या पोळ्याचं मेण चोपडलंत तर गंज पुढे चढतच नाही.

सगळे असे नशीबवान नाहीत. २०२५ संपेपर्यंत मूब्लूम, ग्लेअर, रास्कल, टफ गोलेम, खेकडा, पेंग्विन यांपैकी कुणीही मूळ खेळात आलेलं नव्हतं. तेव्हा ‘थांबा, प्रत्येकाची वेळ येते’ वगैरे उपदेश मी करणार नाही. प्रत्येकाची येत नाही. अप्रेझलनंतर आपल्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. पण हरलेल्याची कुणीतरी चार-चार वर्षं आठवण ठेवतं, हेही तितकंच खरं आहे. आणि आठवण ठेवणारे असले, तर कधीकधी एखादा परत येतो.

भाचा आता चौदा पूर्ण. आवाज फुटलाय, फोन क्वचितच येतो. ऑक्टोबरमधल्या एका रात्री मी अशाच एका लेखात अडकले असताना त्याचा मेसेज आला. मजकूर काहीच नाही, फक्त स्क्रीनशॉट. त्याने बांधलेल्या वाड्यात एक बुटका तांब्याचा पुतळा, हातात काहीतरी वस्तू घेऊन निघालेला. डोक्यावर नावाची पाटी होती, ‘मावशी’.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, ‘माझं नाव का रे बाबा?’

‘उशिरा येते,’ तो म्हणाला. ‘पण येते.’

मग जरा थांबून म्हणाला, ‘मेण लावून ठेवलंय तिला. गंजणार नाही.’

चौकट : आणि हो, जिंकलेले!

फँटम (२०१७) : झोपत नसाल तर भेटेल. आयटीवाल्यांनी जपून.

ग्लो स्क्विड (२०२०) : चमक आहे, उजेड नाही.

अ‍ॅले (२०२१) : एक वस्तू हातात द्या, तशाच आणखी शोधून आणतो. ऑफिसात असा एक हवाच.

स्निफर (२०२२) : आकार हत्तीएवढा, छंद बागकामाचा.

आर्माडिलो (२०२३) : एप्रिल २०२४ मध्ये आला. शेवटच्या निवडणुकीचा विजेता. याच्यानंतर कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलंही नाही.